चार शिमग्यांची रजा

गुरुवार, १२ मार्च १९५९. रक्कम तेरा रुपये पंचाहत्तर नये पैसे : दहाची एक नोट, एकेकच्या तीन, एक जुनी अधेली आणि एक नवी पावली. जागा आमच्या घराची ओटी. हजर चौघे : माझी आई, माझी वहिनी, आंबेनळी घाटातल्या रस्त्याच्या कामावरचा मुकादम आणि मी. माझी बायको बाळंतपणासाठी तुडीलला माहेरी गेली होती. वहिनीची दोन वर्षांची मुलगी आईच्या मांडीवर झोपली होती; तिला मी हजर धरत नाही. ज्याचे पैसे होते तो माझा थोरला भाऊ हजर नव्हता.

मुकादम वरंधचा, सरळ माणूस. पाणीसुद्धा न पिता त्याने आधी पैसे मांडले.

"अकरा दिवसांचे हायत, मास्तर. सोळा फेब्रुवारी ते सत्तावीस, मधला रविवार सोडून. रोज सव्वा रुपया. मोजून घ्या."

मी मोजले. हिशेब चोख होता. त्याने सहीसाठी कागद पुढे केला आणि तिथे आम्ही अडलो. मी पेन वहिनीपुढे धरलं, अंगठा चालेल म्हणालो. तिने हात पदराखाली घेतला.

"मी नाय घेनार," ती म्हणाली.

शेवटी भावाच्या वतीने मी सही केली आणि खाली कंसात 'धाकटा भाऊ' असं लिहिलं. ते पैसे माझ्याकडे पाच वर्षं, आठ महिने आणि दहा दिवस राहिले. का राहिले, ते सांगायचं तर चार वर्षं मागे जावं लागेल.

आमच्या गावात तेव्हा चौसष्ट घरं होती. पोलादपूरहून दोन कोस चढ चढून यावं लागे. भात माघापर्यंत पुरायचं, नाचणी-वरी शिमग्यापर्यंत. पुढचे महिने मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर. घरातला एक तरी पुरुष मुंबईत असायचाच. गिरणीत, गोदीत, कुणाच्या तरी दुकानात. शिमग्याला सगळे येत. आलेल्या माणसाबद्दल कुणी विचारलं तर उत्तर एकच : "रजेवर हाय." या शब्दाला आमच्याकडे मोठा मान होता. रजेवर आहे म्हणजे त्याची वाट पाहणारं काम कुठेतरी आहे, त्याच्या नावाची पाटी कुठल्या तरी हजेरीवर आहे. रजेवरच्या माणसाला कुणी चिखलात उतरायला सांगत नसे. त्याला चहा मिळे, आणि चहात साखर.

माझा दादा १९५५ च्या फेब्रुवारीत, सव्वीस तारखेला रजेवर आला. शिमग्याला अजून दहा दिवस होते. इतका आधी कधी येत नसे. खाकी रंगाची पत्र्याची ट्रंक त्याने माजघरात भिंतीशी ठेवली. शिमगा झाला, पालखी नाचून देवळात गेली, बाकीचे रजेवरचे एकेक करून पोलादपूरच्या स्टँडकडे उतरले. दादा गेला नाही. आईने विचारलं तेव्हा म्हणाला, "रजा वाढवून घेतलीय." पुढे मला एकट्याला त्याने खरं सांगितलं. गिरणीतल्या त्याच्या खात्यातले साचे, म्हणजे माग, बंद झाले होते आणि 'बोलावणं येईल तोवर घरी जा' असं त्याला सांगण्यात आलं होतं. म्हणजे तो अगदी खोटं बोलत नव्हता. बोलावणं यायचं होतं.

त्या ट्रंकेबद्दल सांगितलं पाहिजे. रजेवरचा माणूस आपले कपडे खुंटीवर लावत नाही. चार दिवसांनी परत भरायचेच, मग काढायचे कशाला, म्हणून ट्रंकेतून काढतो, धुऊन वाळले की घडी करून परत ट्रंकेत ठेवतो. दादाच्या नावाची एक खुंटी माजघरात होती, वडिलांनी ठोकलेली. ती तो मुंबईला गेल्यापासून रिकामी होती आणि तो घरी असतानाही रिकामीच राहिली. पहिला शिमगा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. दादा ट्रंक उघडी, सदरा काढी, ट्रंक लावी. किल्ली जानव्यासारखी गळ्यात.

पोस्टमन आठवड्यातून दोनदा वर यायचा, मंगळवारी आणि शुक्रवारी. दादा कधी त्याच्यासमोर गेला नाही. पण त्या दोन दिवशी तो कुंपणाचं काम काढी. आमच्या वाटेकडच्या कुंपणाइतकं नीट कातरलेलं कुंपण गावात दुसरं नव्हतं.

बाकी दिवस तो रिकामा होता असं मात्र मी म्हणणार नाही. त्या चार वर्षांत त्याने वरच्या वाफ्याची फुटलेली ताल, म्हणजे दगडी बांध, पुन्हा बांधली, गोठ्याचं छप्पर दोनदा शाकारलं, आईच्या डोळ्यांसाठी तिला तीन वेळा महाडला नेलं, त्यातलं एकदा पोलादपूरपर्यंत डोलीत. मी शाळेतून आलो की तो ओटीवर बसलेला असे. मुंबईतल्या ट्रामच्या नंबरांवरून मला कोडी घाली. मी मास्तर, आकड्यात मुरलेला, पण त्याच्यापुढे हरायचो. मग आम्ही दोघे खाली ओढ्यावर अंघोळीला जायचो. आमचे वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि त्याच वर्षी तो सोळाव्या वर्षी मुंबईला गेला. मला मोठा भाऊ मिळाला तो वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्याच्या रजेत.

आणि मुलगी झाली. लग्नाला अकरा वर्षं होत आली होती.

असं चाललेलं असताना, १९५८ ची दिवाळी झाल्यावर कचेरीतून शाळेला कागद आला. घाटातला रस्ता रुंद करायचा होता. त्यासाठी मजूर आसपासच्या गावांतून घ्यायचे, आणि ज्या गावात कामावाचून बसलेली माणसं जास्त त्या गावाला आधी घ्यायचं, असं ठरलं होतं. प्रत्येक गावच्या मास्तराने घरोघर जाऊन यादी करायची : नाव, वय, आणि एक वर्षाहून जास्त काळ बेकार असल्यास कधीपासून.

मी पाच संध्याकाळी फिरलो. छापील तक्त्यावर जसं लिहिलं होतं तसंच विचारलं : "घरात कोणी बेकार आहे का?"

"बेकार म्हंजे काय रे मास्तर?" वरच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या काकीने विचारलं.

तिचा मुलगा मागे चिलीम ओढत होता. तो म्हणाला, "ज्याच्याकडं मोटारकार नाय तो. लिवा, मास्तर, अख्खा गाव लिवा."

"तू गप. तू रजेवर हायस," काकी त्याच्यावर खेकसली, आणि मला म्हणाली, "आमच्यात नाय कोन तसला. हा रजेवर हाय. लिव."

हा मनुष्य सहा वर्षं रजेवर होता. मी लिहिलं : नोकरी मुंबईस, सध्या रजेवर. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. एका घरी तर बाई दारातच म्हणाली, "बेकार आमच्या शत्रूच्या घरात असतील," आणि मी त्यांच्या शेजारच्या घरी गेलो तेव्हा त्या घरानेही हेच सांगितलं. जे मुंबईला कधी गेलेच नव्हते ते म्हणाले शेती करतो, म्हशी राखतो. शेती कुणाची दहा गुंठे, म्हशी कुणाच्या दोन, त्याही भाकड. मी विचारलेल्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर मी लिहीत गेलो. आमच्या घराची ओळ मी शाळेत बसूनच भरली. दादाला विचारलंसुद्धा नाही. चौसष्टावी ओळ : नोकरी मुंबईस, सध्या रजेवर.

बेरजेच्या रकान्यात शून्य आलं.

पोलादपूरच्या कचेरीतला कारकून वयस्क होता, पानाचा शौकीन आणि स्वभावाने मोकळा. त्याने माझा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मास्तर, अभिनंदन! अहो, राज्यभर बोंब चाललीय. हा पेपर बघा. मुंबईत नोकरीच्या नोंदणीला पहाटेपासून रांगा लागतात. शिकलेली माणसं रांगेत आहेत. पुण्यात तेच. आणि तुमच्या डोंगरात एक बेकार नाही! मुख्यमंत्र्यांनाच पाठवून देतो तुमच्याकडे शिकायला."

मी म्हटलं, "लोकांनी सांगितलं ते लिहिलं."

"ते दिसतंच आहे. नुसते तुम्हीच नाही, बहुतेक गावांचं असंच आलंय. आपल्या पोलादपूर पेट्याचा आकडा काढला तर राज्यात आपल्याइतकं सुखी कोणी नाही. हे बघा," त्याने आवाज उतरवला, "काम या आकड्यावर वाटलं जाणार. शून्याला शून्य मजूर. आठ दिवस देतो. फेरयादी आणा."

परत येताना दोन कोस मी त्या शून्यावर विचार करत आलो. मुंबईत माणूस बेकार झाला की रांगेत उभा राहतो. रांगेत उभा राहिला की कुणीतरी त्याला मोजतो, मोजला की तो पेपरात येतो. आमच्याकडे रांग लावायला कचेरी नव्हती. आमचा माणूस घरी येऊन ओटीवर बसतो. त्याच्या घरचे त्याला रजेवर म्हणतात, तोही म्हणतो, आणि मुंबईच्या हिशेबी तर तो मुंबईत नाहीच. म्हणजे तो तिथल्या यादीतून गळला आणि इथल्या यादीत चढला नाही. राज्याचा आकडा वाढत होता आणि आमचा शून्य होता, याचं कारण आमच्याकडे काम होतं हे नव्हे. आमच्याकडे शब्द होता.

मी छापील प्रश्न सोडून दिला. दुसऱ्या फेरीला एवढंच विचारलं : "शेवटचा पगार कुठल्या महिन्यात घेतलात?"

या प्रश्नाला मात्र सगळ्यांकडे उत्तर होतं. बेकार कोणी नव्हता, पण शेवटचा पगार कुणीच विसरला नव्हता. रक्कम आण्यांसकट पाठ. काकीच्या मुलाने चिलीम खाली ठेवली, बोटांवर शिमगे मोजले आणि म्हणाला, "सहा शिमगे झाले, मास्तर. एकशे दोन रुपये सात आणे. त्यातली नव्वदची मनिऑर्डर केली होती." काकी आत गेली आणि माझ्यासाठी ताक घेऊन आली. त्रेसष्ट घरांत मिळून अठरा माणसं निघाली.

चौसष्टावं घर माझं. ही गोष्ट मला नीट लिहायची आहे, कारण ती मी पुष्कळ वर्षं चुकीची समजत होतो.

रविवार सकाळ होती. दादा ओटीवर बसून ट्रंकेच्या कडीला तेल लावत होता. वहिनी आतल्या उंबऱ्याशी नाचणी पाखडत होती. मी तक्ता मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसलो.

"दादा, शेवटचा पगार कुठल्या महिन्यात घेतलास?"

"हे तू मला विचारतोस?"

"सगळ्यांना विचारलं. आपलं घर राहिलंय."

"मागं काय लिहिलं होतंस?"

"रजेवर."

"मग तेच असू दे."

"रजा कुणी मंजूर केलीय, दादा?"

त्याने कडी दोनदा खालीवर करून पाहिली. आता आवाज येत नव्हता. आतलं सूप थांबलं आणि वहिनीचा आवाज आला, "रजेवरच लिवा, भावजी. काय बिघडतंय?"

मला वाटलं, बिचारी नवऱ्याची अब्रू राखते आहे. दादालाही तेच वाटलं असावं. त्याचा चेहरा बदलला. बायकोने आपल्याला झाकून घ्यावं हे त्याला लागलं असणार. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पंचावन्न सालचा फेब्रुवारी. दहा तारीख. सत्त्याऐंशी रुपये नऊ आणे. लिही."

मी लिहिलं. एकोणीस आकडा पुरा झाला. खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. आकडा बरोबर झाला होता.

काम सत्तावीस जानेवारीला मंगळवारी सुरू झालं. आदल्या दिवशी सुट्टी होती. एकोणीसपैकी पंधरा जण गेले. घाटात मजुरांसाठी झापांच्या झोपड्या होत्या, शनिवारी संध्याकाळी घरी यायचं आणि सोमवारी पहाटे निघायचं. निघायच्या दिवशी दादाने ट्रंक उघडली, आतला पांढरा सदरा काढला. मला वाटलं घालतोय. त्याने तो खुंटीवर लावला, माझं एक जुनं बंडीवजा कुडतं मागून घेतलं आणि ते घालून गेला. ट्रंकेची किल्ली आईकडे दिली. खुंटीवर कापड दिसलं ते वडिलांनंतर पहिल्यांदा.

मी एकदा काम बघायला गेलो होतो. सातव्या वळणावर तो कठड्याचे दगड बसवत होता. हात सोलवटले होते पण बोलण्यात चैतन्य होतं. "साचे चालवण्यापेक्षा हे बरं रे," तो म्हणाला. "रचलेलं दिसतं तरी." चौदा फेब्रुवारीला सतरा दिवसांचे एकवीस रुपये पंचवीस नये पैसे मिळाले. ते घेऊन तो घरी आला आणि ओटीवर सर्वांदेखत वहिनीच्या हातावर ठेवले. तिने ते कपाळाला लावले. चार वर्षांत त्याने घरी दिलेले ते पहिले पैसे होते. त्या रात्री आईने गुळाचा सांजा केला.

पुढच्या पगाराच्या आधीच तो गेला. घाटावर, साताऱ्याच्या पलीकडे धरणाचं काम चाललं होतं. तिथल्या एका ठेकेदाराला दगडकामाची माणसं हवी होती. त्याने कठडा पाहिला, दादाला विचारलं, दादा हो म्हणाला. अठ्ठावीस फेब्रुवारीच्या पहाटे ट्रक निघाला. शनिवार होता, संध्याकाळी तो घरी येणारच होता. म्हणून वहिनीने उकडे तांदूळ वेगळे काढून ठेवले होते.

हे सगळं मुकादमाने आम्हाला त्या गुरुवारी सांगितलं. त्याआधी आम्हाला घाटातून परतलेल्या माणसांकडून उडत उडत कळलं होतं.

"मी बोललो त्याला, घरी सांगून ये," मुकादम म्हणाला. "तर म्हनाला, घरी गेलो तर पाय निघनार नाय."

आईने डोळे पुसले पण तोंडाने म्हणाली, "काम लागलं ना? मग झालं. रडतेस काय गो?" वहिनी रडत नव्हती. ती पैशांकडे बघत होती.

मुकादम गेल्यावर मी तिला समजावू लागलो. वहिनी, हे त्याच्या घामाचे पैसे आहेत, तुमचाच हक्क आहे. आता कुणी नाव ठेवणार नाही, आता तो खरोखरच कामावर आहे. मी बराच वेळ बोललो असेन. तिने मला पुरं बोलू दिलं.

"भावजी, तुमी त्या दिवशी काय समजलात? मी रजेवर लिवा म्हनले ते त्यांच्या अब्रूपायी?"

मी नोटांच्या घड्या सरळ करू लागलो.

"लोक काय बोलतात ते मला चार वरसं पानवठ्यावर ऐकू येत होतं. बोलू देत. रजा होती तवर घरात होते. तुमी लिवलंत आनि रजा संपली."

एवढंच बोलून ती उठली. तेवढ्यासाठी मी तिच्यावर रागावलो नाही, आणि स्वतःवर रागवायला मला त्यानंतर वेळ लागला. मी त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी शाळेत, मुलांना गणितं घालून, फळ्यामागच्या कागदावर एक हिशेब केला. त्यांचं लग्न शेहेचाळीस सालचं. पंचावन्नपर्यंत नऊ वर्षं. दर शिमग्याला तीस दिवस, आणि पाच वेळा गणपतीला आठ-आठ दिवस. दोनशे सत्तर अधिक चाळीस. लग्नाच्या पहिल्या नऊ वर्षांत ती नवऱ्याबरोबर तीनशे दहा दिवस राहिली होती. एक वर्षही पुरं नाही. त्यानंतरची जी चार वर्षं मी तक्त्यात बेकारीची म्हणून लिहिली, तेवढाच तिचा संसार होता.

तो कागद मी कुणाला दाखवला नाही. पण त्यानंतर कुठल्याही तक्त्यातला आकडा बघितला की माझ्या मनात येतं, या रकान्याच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय?

पैसे मी वहीच्या कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून, चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवले. दादा साठ सालच्या शिमग्याला आला, आठ दिवसांसाठी. येताना सही-शिक्क्याची चिठ्ठी घेऊन आला होता आणि ती त्याने मला हसत दाखवली. "ही बघ मास्तर. मंजूर रजा." नवी ट्रंक होती. जुना पांढरा सदरा खुंटीवर होता तसाच होता. वहिनी तो दर पंधरवड्याला धुऊन पुन्हा तिथेच लावायची. त्याने तो पाहिला, पण काढला नाही, घातलाही नाही.

मी डबा आणून त्याच्यासमोर ठेवला.

"तिला दे ना," तो म्हणाला.

"ती माझ्या हातून घेत नाही."

त्याने पैसे घेतले आणि वहिनीपुढे धरले. ती चुलीपुढे होती. मागे वळून म्हणाली, "घेतले तर थांबता का?"

"अगो, आठ दिवसांची रजा हाय. चिठ्ठी बघ."

"मग ठेवा तिथंच. थांबाल तवा घेईन."

दादा हसला आणि त्याने पैसे माझ्याकडे परत दिले. पुढच्या चार शिमग्यांना हेच झालं. शेवटी शेवटी तर तो थट्टेचा विषय झाला. दादा आल्या दिवशीच विचारी, "काय मास्तर, माझा पगार सुखरूप हाय ना?" आणि आतून उत्तर येई, "हाय, पन मालक नाय."

त्या वर्षांत घर तसं बरं चाललं. मनिऑर्डर नियमित येई, पहिल्यापेक्षा जास्त. आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. मधे शिरगणती झाली, त्यातही मी गणनेच्या कामावर होतो. दादा आमच्या घरात मोजला गेला नाही. तो जिथे होता तिथे कुणीतरी मोजला असेल. आमच्या घराची ओळ मी यावेळी घरी बसून, सगळ्यांना विचारून लिहिली. शाळेतून आल्यावर ओटीवर कुणी नसे. मी एकटाच ओढ्यावर जाई. ट्रामच्या नंबरांचं एखादं कोडं आठवलं तर त्याचं उत्तर आता मला येई, पण कुणाला सांगणार? कुंपण पहिल्याच पावसाळ्यात वाढलं, मी दोनदा कातरलं, मग सोडून दिलं.

चौसष्टच्या दिवाळीनंतर पत्र आलं. शुक्रवारी. पोस्टमन पत्र माझ्या हातात देताना म्हणाला, "दादांच्या वेळेला येत होतो तेव्हा वाट किती साफ असायची." पत्रात चार ओळी होत्या. दादाला कायम केलं होतं. वसाहतीत एक खोली मिळाली होती, वर पत्रा, खाली फरशी, नळ सामाईक. तिला आणि मुलीला पाठवून दे. आईला विचार, पण आई येणार नाही हे मला माहीत आहे.

मी पत्र दोनदा मोठ्याने वाचलं. दुसऱ्यांदा वहिनीने वाचायला लावलं. मग ती म्हणाली, "भावजी, ते पैसे हायत?"

"आहेत."

"ते लागतील मला तिकिटाला."

मी म्हणालो, तिकिटाचे मी देतो, ते पैसे तसेच बरोबर न्या. ती म्हणाली, "नाय. त्याच पैशानं जायचं हाय."

आईने तिला ओटी भरताना एवढंच सांगितलं, "थोरल्याला म्हनावं, आता तरी कपडे खुंटीवर लाव." वहिनीने खुंटीवरचा सदरा काढला, घडी केली आणि आपल्या बोचक्यात सगळ्यात वर ठेवला. मुलगी आता सात वर्षांची. सारा वेळ विचारत होती, गाडी घाटात उलटी पडत नाही ना? मी तिला म्हटलं, सातवं वळण मोज. तिथला कठडा तुझ्या बापाने बांधलाय, गाडीला तो पडू देणार नाही. तिने पोलादपूरला पोचेपर्यंत सातपर्यंत आकडे किती वेळा म्हटले ते मी मोजलं नाही.

रविवार, २२ नोव्हेंबर १९६४. जागा पोलादपूरचा एस. टी. स्टँड. हजर : वहिनी, पुतणी आणि मी. कागदाची पुडी वहिनीने स्वतः सोडली. तोपर्यंत नवे पैसे जुने होऊन नुसते पैसे झाले होते, पण अधेली आणि पावली चालत होत्या. साताऱ्याचं एक तिकीट आणि एक अर्धं. तिने दहाची नोट पुढे केली. गाडी वळून घाटाच्या रस्त्याला लागली तेव्हा मुलीचा हात खिडकीबाहेर होता. वहिनी पुढे बघत होती. मी स्टँडवरच उभं राहून वहीत लिहिलं, कारण घरी जाऊन लिहवलं नसतं.

तेरा रुपये पंचाहत्तर पैशांपैकी कंडक्टरला दिले पाच रुपये चाळीस पैसे. बाकी आठ रुपये पस्तीस पैसे वहिनीला, तिच्या हातात.